होडीची डागडुजी: रंगाआधी सांगाडा

मा. संपादक,

शिमगा आटोपला की कोकण किनाऱ्यावर होड्यांच्या डागडुजीचे बेत सुरू होतात, आणि १ जूनला बंदी लागली की सगळे एकदम कामाला लागतात. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो, म्हणून दुरुस्तीही तेव्हाच उरकायची, असा सरळ हिशोब असतो. हा हिशोब लहान होडीवाल्याला महाग पडतो. होडी बांधणीच्या आणि दुरुस्तीच्या धंद्यातली माणसे म्हणून आम्हाला हे स्पष्ट मांडायचे आहे की त्याचा डागडुजीचा पैसा बहुतेक वेळा चुकीच्या वेळी आणि चुकीच्या जागी खर्च होतो. चुकीची वेळ म्हणजे पावसाळा. चुकीची जागा म्हणजे बाहेरची कातडी: फायबरचा थर, चकचकीत रंग, नव्याने रंगवलेले नाव. आतमध्ये वांक, म्हणजे होडीच्या फासळ्या, चिरलेले, खिळे गंजलेले आणि इंजिन अडकवायची मागची फळी भुसभुशीत असते, आणि ती तशीच राहते.

बोलणे नेमके व्हावे म्हणून एक होडी डोळ्यांसमोर ठेवू. २४ फूट लांब, ५ फूट रुंद, अडीच फूट खोल, इंचभर जाडीच्या फळ्यांची, मागे बाहेरून अडकवलेले ९.९ अश्वशक्तीचे आऊटबोर्ड इंजिन. मालवण, देवगडपासून हर्णेपर्यंत अशा जुन्या होड्या आजही दोन-तीन माणसांचे घर चालवतात. भाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून खाली रुपयांऐवजी मापे आणि वजने दिली आहेत. आपापल्या बाजारातला दर लावून कोणालाही त्यावरून खर्च काढता येईल.

आधी वेळ. पावसात किनाऱ्यावरच्या हवेत दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर राहतो. अशा हवेत शाकारलेल्या होडीचे लाकूडसुद्धा सुकत नाही, आणि फायबरचे रेझिन नीट कडक न होता वरून चिकट राहते. मे महिन्यात पर्यटकांमुळे मासळीला भाव असतो, तेव्हा होडी वर ओढून ठेवणे जिवावर येते हे आम्ही जाणतो. पण पावसात मारलेला थर पुढच्या दिवाळीपर्यंत सुटला, तर तेच काम दुसऱ्यांदा करावे लागते आणि दिवस दुप्पट बुडतात. खाडीत नांगरलेली होडी अमावस्येच्या उधाणाला वर घ्यावी आणि पुढच्या पौर्णिमेच्या उधाणाला पाण्यात लोटावी. मधल्या पंधरा दिवसांत फळ्या, खिळे, फटी आणि इंजिनाची फळी एवढी कामे होतात, आणि त्यातले चार-पाच दिवस भांगाचे, म्हणजे मंद भरती-ओहोटीचे असतात, तेव्हा प्रवाहात डोल जाळी लावणाऱ्या डोलीवाल्यांचा धंदा एरवीही थंडच असतो. फायबर मारायचे असेल तर मात्र पंधरा दिवस पुरत नाहीत. एप्रिलच्या मध्यावर होडी वर घ्यायची, महिनाभर सुकवायची आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात थर पुरा करायचा. मृगाची वाट पाहायची नाही.

होडी वर घेतल्यावर तिला फक्त दोन टोकांवर टेकवू नये. दर चार फुटांवर पठाणाखाली, म्हणजे तळाच्या कण्याखाली, ओंडका द्यावा, नाहीतर मधला भाग बसतो आणि चांगल्या फटीही उघडतात. नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाकडची, बाजू वीतभर उंच ठेवावी आणि मागचे बूच काढून ठेवावे. लाकूड कुजवते ते पावसाचे गोडे पाणी. कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात फारशी जगत नाही. जुनी माणसे होडीच्या तळात मीठ टाकत ती उगीच नाही. समुद्रात राबणारी होडी दहा वर्षे टिकते आणि झाडाखाली उघडी पडलेली दोन पावसांत संपते, त्याचे कारण हेच. खाऱ्या पाण्यातला शत्रू वेगळा: लाकूड पोखरणारा टेरेडो किडा. होडी वर घेऊन महिनाभर सुकवली की तो मरतो, पण त्याने केलेली बोगदी तशीच राहतात, आणि बाहेरून टाचणीच्या टोकाएवढे भोक दिसते तिथे आत करंगळी जाईल एवढी पोकळी असू शकते.

तपासणीला यंत्र लागत नाही. एक लहान हातोडी आणि एक जुना स्क्रूड्रायव्हर पुरे. हातोडीने दर सहा इंचांवर ठोकत जावे. निरोगी लाकूड टणटणते, कुजलेले भद्द वाजते. शंका येईल तिथे स्क्रूड्रायव्हर दाबावा, आणि तो हाताच्या जोराने पाव इंच आत गेला तर तेवढा भाग गेला असे समजावे. वांकांची खालची टोके, नाळेजवळ फळ्यांची टोके जिथे संपतात ती जागा, बाकाखालचे कोपरे आणि इंजिनाची फळी या चार ठिकाणी अधिक वेळ द्यावा. खिळ्यांची डोकी बारकाईने पाहावीत. डोक्याभोवती बोटभर रुंदीचे काळे कडे असेल, नखाने खरवडल्यावर तिथले लाकूड ओल्या बिस्किटासारखे सुटत असेल, तर आतला खिळा गंजून सुईसारखा बारीक झालेला असतो. लोखंड गंजताना आजूबाजूचे लाकूडही खाते. अशा भोकात तोच खिळा पुन्हा ठोकणे किंवा जाड खिळा घालणे म्हणजे मरणाऱ्याच्या तोंडावर पावडर लावणे. जुने भोक साफ करून त्यात गोंद लावलेली लाकडाची खुंटी ठोकून बंद करावे आणि नवा खिळा दीड-दोन इंच बाजूला, निरोगी लाकडात घ्यावा.

शेवटी नाळेपासून मागेपर्यंत पठाणाला दोरी ताणून पाहावी. मध्ये दीड इंचाहून जास्त बाक असेल, किंवा पठाणाचा तिसरा हिस्सा कुजला असेल, किंवा निम्म्याहून जास्त वांक बदलायचे असतील, तर ती होडी दुरुस्त करू नये. तिचे खिळे, बाके, वल्ही आणि इंजिन काढून घ्यावे आणि दुसरी शोधावी. हे सांगायला जड जाते, कारण होडी ही घरातलीच एक असते. पण हातावर पोट असलेल्याने मेलेल्या लाकडात पैसे घालू नयेत असे आम्हाला मनापासून वाटते.

दुरुस्तीचे ठरले की पहिले काम धुण्याचे. आतून-बाहेरून गोड्या पाण्याने तीन-चार वेळा, दर दोन दिवसांनी, उन्हाच्या आधी. मीठ लाकडात राहिले तर ते हवेतले पाणी ओढत राहते आणि लाकूड कधीच पुरते सुकत नाही. मग झावळ्यांचा मांडव घालून सावलीत वारा लागू द्यावा. थेट उन्हात फळ्या उलतात. सुकले की नाही हे पाहायला फूटभर चौरस प्लास्टिकचा जाड कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने होडीच्या तळाला रात्री लावावा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या आतल्या बाजूला घाम दिसला तर लाकूड अजून ओले आहे. मच्छीमार सहकारी संस्थेने लाकडाचा ओलावा मोजणारे एक छोटे यंत्र घेऊन ठेवले तर सगळ्या वाडीचे काम होईल. फायबरसाठी आकडा १५ टक्क्यांच्या खाली हवा.

इथेच एका सवयीबद्दल कळकळीने सांगायचे आहे. इंजिनातून काढलेले जळके तेल होडीला आतून फासायची पद्धत सगळीकडे आहे. फुकट मिळते, लाकूड काळे तुकतुकीत दिसते. पण त्या तेलाने लाकूड टिकत नाही, आणि एकदा ते मुरले की त्यावर पुढे ना रंग धरतो, ना गोंद, ना रेझिन. तीन वर्षांनी फायबर मारायचा विचार आला की त्या होडीचा तळ अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) रंधला तरी खाली तेलच निघते. शिवाय पहिल्या पावसात ते तेल धुऊन खाडीत जाते, जिथे आपल्याच कोळंबीची पिल्ले वाढतात. आतल्या वांकांना लावायचेच असेल तर ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक ॲसिड १० लिटर गरम पाण्यात विरघळवून, सुकलेल्या लाकडावर दोन दिवसांत तीन हात द्यावेत आणि वाळल्यावर वरून रंग लावावा. हे पाण्यात धुऊन जाते, म्हणून तळाच्या बाहेरच्या बाजूला त्याचा उपयोग नाही.

आता सांगाडा. चिरलेला वांक काढून टाकायची घाई करू नये, कारण तो काढताच होडीचा आकार सुटतो. त्याच्या शेजारी, त्याला चिकटून, नवा वांक बसवावा. चिरेच्या दोन्ही बाजूंना किमान दीड फूट पुढे जाईल एवढा लांब, आणि जुन्याइतकाच जाड. सलग तीन वांक चिरलेले असतील तर एका वेळी एकच करावा. नैसर्गिक बाक असलेले ऐनाचे किंवा फणसाचे लाकूड मिळाले तर उत्तम. सरळ फळीतून कापलेला बाक लाकडाच्या रेषा तुटल्यामुळे पहिल्याच लाटेला पुन्हा तिथेच चिरतो. वांकाखाली पाणी इकडून तिकडे जायला ठेवलेली भोके नव्या वांकातही ठेवायला विसरू नये, आणि जुनी भोके वाळू, खवले, जाळ्याचे तुकडे काढून तारेने मोकळी करावीत. तुंबलेल्या एका भोकामागे पाणी साचून शेजारचे दोन वांक कुजतात. या कामाला पैसा लागत नाही, फक्त गुडघ्यावर बसावे लागते.

फळी बदलताना खर्च मोजायची रीत अशी: १० फूट लांब, ८ इंच रुंद, १ इंच जाड फळीला सुमारे ०.५६ घनफूट लाकूड लागते. अशा चार फळ्या म्हणजे सव्वादोन घनफूट, कापाकापीची नासाडी धरून पावणेतीन. सुतार चार घनफुटांचा हिशोब सांगू लागला तर मापे मागावीत. सगळीकडे सागवान लागत नाही. पाण्याखालच्या फळ्या आणि पठाण यांना सागवान, ऐन किंवा उंडी, वरच्या ओळींना आंबा किंवा फणस चालतो, पण आंबा दोन्ही बाजूंनी रंगवलेला आणि गोड्या पाण्यापासून दूर हवा. दोन शेजारच्या ओळींतले सांधे एकाच वांकापाशी येऊ देऊ नयेत. मध्ये निदान चार फुटांचे अंतर ठेवावे. फळी जोडायला तिरका काप घेतला तर तो जाडीच्या आठपट, म्हणजे इंचाच्या फळीला आठ इंच.

खिळे म्हणाल तर तांब्याचे सर्वोत्तम, परवडत नसतील तर गरम जस्तात बुडवलेले जाड थराचे. वरवर चमकणारे, विजेवर जस्त चढवलेले खिळे एका हंगामात तांबडे होतात. एकाच होडीत तांबे आणि लोखंड शेजारी शेजारी लावू नये, खाऱ्या पाण्यात त्यांची बॅटरी बनते आणि लोखंड भराभर झिजते. स्टीलचे बोल्ट घ्यायचे तर ३१६ क्रमांकाचे. ३०४ हवेत चमकत राहतो, पण ओल्या लाकडाच्या आत हवा न मिळाल्याने खड्डे पडून तुटतो. पितळेचे स्क्रू पाण्याखाली वापरूच नयेत. त्यातले जस्त निघून जाते, उरलेले गुलाबीसर तांबे बोटाने मोडते.

फटी भरण्यात दोन चुका नेहमी होतात. एक, सुकलेल्या होडीत कापूस दणदणून ठोकणे. होडी पाण्यात गेली की फळ्या फुगतात, जागा उरत नाही, आणि तो जोर वांकांवर जाऊन खिळे उपटतात. कापसाची वात फटीच्या निम्म्या खोलीपर्यंत, हलक्या हाताने बसवावी आणि वर खडूची पूड व उकळलेले जवसाचे तेल मळून केलेली लांबी भरावी. फट बाहेरून रुंद आणि आतून मिटलेली हवी, आरपार सारखीच रुंद असेल तर कापूस आत पडतो. दुसरी चूक, फटीत एम-सीलसारखे दगडासारखे कडक होणारे काही भरणे. लाकूड हलते, ते हलत नाही, म्हणून त्याच्या कडेनेच पाणी शिरते. लांबीत शेंदूर मिसळण्याची जुनी पद्धत आहे. शेंदूर म्हणजे शिसे. जुना शेंदरी थर कोरडा घासू नये, पाणी मारून घासावा, तोंडाला फडके बांधावे, आणि ती धूळ घरात येऊ देऊ नये. लहान मुलांना तिचा त्रास सर्वांत जास्त होतो.

इंजिनाची फळी हा लहान होडीचा सर्वांत जास्त ताण घेणारा भाग आहे, आणि तिच्यातच काटकसर केली जाते. आयएस ७१० असा शिक्का असलेले मरीन प्लायवूड घ्यावे. आयएस ३०३चे घरगुती प्लाय समुद्रात उकलते. खात्री नसेल तर दुकानातून वीतभर तुकडा मागून घ्यावा आणि तो घरी चार-पाच तास उकळवावा. थर सुटले तर ते मरीन नव्हे. १९ मिलिमीटरचे दोन थर इपॉक्सीने चिकटवून ३८ मिलिमीटरची फळी होते. प्लायच्या कडांना इपॉक्सीचे तीन हात द्यावेत, कारण पाणी कडेनेच शिरते. बोल्टचे भोक दोन सूत मोठे पाडायचे, इपॉक्सीने भरायचे, कडक झाल्यावर मधोमध नेमक्या मापाचे भोक पाडायचे. असे केले की बोल्ट ढिला झाला तरी पाणी प्लायपर्यंत पोचत नाही. फळीची उंची इंजिनाच्या दांड्याप्रमाणे: आखूड दांड्याला १५ इंच, लांब दांड्याला २० इंच. पंख्यावरची आडवी पाती होडीच्या तळाशी समतल किंवा इंचभर खाली यावी. ती वर राहिली तर पंखा हवा पितो आणि इंजिन नुसते ओरडते, फार खाली गेली तर पेट्रोल जास्त जळते.

आणि आता फायबर, ज्यावर सर्वांत जास्त पैसा जातो. आमचे मत ठाम आहे: ओल्या, कुजक्या किंवा तेल मुरलेल्या लाकडावर फायबर मारणे म्हणजे होडीला रेनकोट घालून आत पाणी ओतणे. पाणी आत अडकते, हवा लागत नाही आणि लाकूड बाहेरून न दिसता कुजते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने, जी १९५७ पासून या विषयात काम करते, रबराच्या स्वस्त लाकडाच्या होड्या फायबरने मढवून दाखवल्या, पण त्यांनी लाकडावर आधी औषधाची प्रक्रिया केली आणि मगच थर दिला. आपल्याकडे पहिली पायरी गाळून दुसरी केली जाते. काथ्याने शिवलेल्या, रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) होडीला तर फायबर मारूच नये. तिच्या फळ्या लाटेबरोबर हलतात हेच तिचे बळ आहे, आणि कडक थर शिवणीच्या रेषेवर पहिल्याच हंगामात तडकतो. तिला नवा काथ्या द्यावा.

ज्या होडीला फायबर योग्य आहे तिचे गणित असे. बाहेरचा पृष्ठभाग साधारण १८० चौरस फूट, म्हणजे १७ चौरस मीटर. चौरस मीटरला ४५० ग्रॅम भरणाऱ्या काचतंतूंच्या मॅटचे दोन थर आणि जोडांवर चढवण्यासाठी दहा टक्के धरून १७ किलो मॅट. मॅटच्या अडीचपट रेझिन, म्हणजे ४२ किलो, आणि लाकडाला आधी पाजायला ५ किलो. वर जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, १० किलो. हार्डनर रेझिनच्या दीड टक्का धरला तर जेलकोटसह किलोभर पुरतो. सगळे मिळून होडीचे वजन सुमारे ७५ किलोंनी वाढते. रोज वाळूवर ओढायची होडी असेल तर एक जास्तीचा माणूस रोज ओढतो आहोत हे ध्यानात घ्यावे. ज्यांना तेवढे नको त्यांनी पठाणाच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट आणि नाळेवर, म्हणजे जिथे होडी वाळू-खडकावर घासते तिथेच, दोन थर द्यावेत. साध्या पॉलिस्टर रेझिनची पकड लाकडावर बेताची असते, सागवानासारख्या तेलकट लाकडावर आणखी कमी. पैसे असतील तर पहिला पाजण्याचा हात इपॉक्सीचा द्यावा आणि तो ओलसर असतानाच त्याच्यावर बारीक, सुकी, गोड्या पाण्यात धुतलेली वाळू भुरभुरावी. तो कडक झाल्यावर सुटी वाळू झाडावी, उरलेली रेझिनला धरायला दात देते.

रेझिन विकत घेताना पिंपावरची तारीख पाहावी. गरम पत्र्याच्या गोदामात सहा महिन्यांहून जुने पडलेले रेझिन जाड होते आणि आत झिरपत नाही. एका वेळी अर्धा किलोच कालवावे. किलोला १० ते १५ मिलिलिटर हार्डनर, म्हणजे अर्ध्या किलोला ५ ते ७. ते औषधाच्या मापाने घालावे, बाटलीच्या झाकणाने अंदाजे नव्हे. जास्त घातले तर मगातच धूर येतो आणि थर ठिसूळ होतो, कमी घातले तर कधीच पुरे कडक होत नाही. काम दुपारी तीननंतर, सावलीत सुरू करावे. सकाळी लाकूड तापत जाते, त्याच्या रंध्रांतली हवा फुगते आणि थरात बुडबुडे काढते. दुपारनंतर लाकूड निवत जाते आणि रेझिन आत ओढून घेते. पण दव पडायच्या आत थर घट्ट झाला पाहिजे, म्हणून पाचनंतर नवा मग कालवू नये. मॅट पांढरी दिसते तिथे रेझिन पोचलेले नाही, लोखंडी रोलरने दाबून ती पारदर्शक होईपर्यंत फिरवावे. पहिला थर रात्रीतून कडक झाल्यावर सकाळी खरखरीत कागदाने घासून मगच दुसरा.

जिवाशी खेळ होतो ती गोष्ट मात्र वेगळी. कोबाल्ट (रेझिनला वेग देणारे द्रव्य) आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट मिसळू नयेत. भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचे, हार्डनर शेवटी. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या ठिकाणी, उन्हापासून दूर. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा हवाच, आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली. डोळ्यात गेले तर पंधरा मिनिटे सतत पाणी मारत राहून मग डॉक्टर. उरलेले रेझिन मगात तसेच ठेवू नये, पत्र्यावर पातळ पसरावे. विडी-सिगारेट मांडवाबाहेर.

जुनी होडी मूळचीच फायबरची असेल तर भोकावर बाहेरून चिकटवलेले ठिगळ टिकत नाही. फुटलेला भाग पूर्ण कापून काढावा आणि कडा जाडीच्या बारापट उतरत्या घासाव्यात. सहा मिलिमीटरच्या तळाला चहूबाजूंनी ७२ मिलिमीटर. ४५० ग्रॅमची एक मॅट भिजल्यावर साधारण मिलिमीटरभर जाडी देते, म्हणजे सहा थर लागतील, पहिला लहान आणि पुढचा प्रत्येक थोडा मोठा.

होडी बुडू नये यासाठी लागणारा खर्च सगळ्यांत कमी, आणि तोच टाळला जातो. २० लिटरचे घट्ट झाकणाचे सहा रिकामे डबे बाकांखाली पट्ट्यांनी पक्के आवळले तर १२० किलोंचा उचल मिळतो. पाण्याने भरलेली लाकडी होडी इंजिनासह तरंगत राहते आणि माणसांना धरायला काहीतरी उरते. थर्मोकोल वापरू नये. पेट्रोल आणि रेझिन दोन्ही त्याला विरघळवतात.

इंजिनाचे फारसे लांबवत नाही. रोज गोड्या पाण्यावर दहा मिनिटे चालवणे, पाणी ओढणारा रबरी पंखा दर हंगामात नवा, गिअरचे तेल दुधाळ दिसले तर सील बदलणे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतले पाणी धरते. बंदीचे दोन महिने टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल राहिले तर ऑगस्टमध्ये इंजिन सुरू होत नाही आणि दोष मात्र मिस्त्रीला मिळतो. टाकी रिकामी करावी, नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. इंजिनावरचा जस्ताचा ठोकळा निम्मा झिजला की बदलावा आणि त्यावर रंग लावू नये. तळाला तांब्याचा शेवाळरोधक रंग लावत असाल तर इंजिनाच्या ॲल्युमिनियमपासून तो इंचभर दूर ठेवावा. रोज वाळूवर ओढल्या जाणाऱ्या होडीला तो महाग रंग लागतच नाही. खाडीत तरंगत राहणाऱ्या होडीलाच तो हवा.

पैशांच्या वाटणीबद्दल आमचे म्हणणे असे. शंभर रुपये असतील तर साठ वांक, खिळे, फळ्या आणि फटींना. वीस इंजिनाच्या फळीला आणि इंजिनाला. दहा डबे, दोर, नांगर यांना. रंगाला दहा. व्यापाऱ्याकडून उचल घेऊन फायबर मारले तर वर्षभर मासळी त्याच्या भावाने द्यावी लागते, आणि डागडुजीचा खरा खर्च तिथे होतो. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही खुले झाले आहे, त्याची चौकशी आधी बँकेत करावी. संस्थांनी मार्चमध्ये गावाची मागणी एकत्र करून रेझिन, मॅट आणि जस्ती खिळे एकदम घेतले तर माल ताजा मिळेल आणि लहान होडीवाल्याला किरकोळ भाव द्यावा लागणार नाही. मत्स्यव्यवसाय विभागाने एप्रिलमध्ये बंदराबंदरात दोन दिवसांचे दुरुस्तीचे प्रशिक्षण ठेवावे अशी आमची मागणी आहे. नव्या होडीसाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली, तिच्याइतकेच लक्ष जुन्या होडीकडेही द्यावे.

पाण्यात लोटल्यावर लाकडी होडी पहिले दोन दिवस पाणी घेतेच, घाबरून जाऊन पुन्हा वर ओढू नये. किनाऱ्यालगत बांधून ठेवावी आणि दर सहा तासांनी किती बादल्या निघतात ते लिहून ठेवावे. आकडा दर वेळी कमी होत गेला तर फळ्या फुगून फटी मिटत आहेत. तिसऱ्या दिवशीही तेवढ्याच बादल्या निघत असतील, तर पाणी फटीतून नव्हे, एखाद्या खिळ्याच्या भोकातून किंवा पठाणालगतच्या सांध्यातून येते आहे. तळ कोरडा पुसून, आत खडूची पूड भुरभुरून अर्धा तास थांबावे. पूड जिथे आधी भिजते तिथे खुणेचा खिळा लावावा आणि पुढच्या भरतीला होडी वर घ्यावी.

आपले,
होडी बांधणी व दुरुस्तीचे काम करणारे कारागीर,
सिंधुदुर्ग किनारा